सईला जवळा चालत नाही

१० नोव्हेंबर, सोमवार
स्नेहलची बाळंतपणाची रजा संपली, आज पतपेढीत हजर झाली. सई आता दिवसभर माझ्या आईकडे. निघताना स्नेहलने आईला सगळं परत सांगितलं. सईला ॲलर्जी आहे, कोलंबी, करंदी, जवळा, त्या जातीचं काहीही घरात यायला नको. पोटात जायलाच हवं असं नाही, डॉ. म्हणालेत नुसतं कातडीला लागलं तरी... आई म्हणाली, "व्हय गो. मना म्हाईत हाय."

रेवदंड्यात आगऱ्याच्या घरात जवळा बंद! आईने जन्मभर सुकी मासळी केली, यंदा अंगण रिकामं. सई अजून अंगावर पिते, म्हणून स्नेहलनेही सोडलं. मग मीही सोडलं. सगळ्यांसमोर म्हणालो, पोरीपेक्षा जीभ मोठी नाही. म्हणताना छान वाटलं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच लिहितोय. शेजारच्या टेबलावरच्या म्हात्रेने डबा उघडला. जवळ्याची सुकी चटणी, तांदळाची भाकरी, वर कच्चा कांदा. म्हणाला, "घे ना, इथं कुठं सई हाय?" घेतली. मग परत घेतली.

हे गेला महिनाभर चालू आहे. आता त्याची बायकोच जास्त टाकते. मी साबणाने हात धुतो, चूळ भरतो, बडीशेप चघळतो आणि घरी जाऊन शहाण्या मुलासारखी भेंडी खातो. स्नेहल परवा म्हणाली, तू एवढं पाळशील असं वाटलं नव्हतं. मान खाली घालून जेवत राहिलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
काल संध्याकाळचं. लिहायला हात होत नाही.

निघताना म्हात्रेने उरलेली चटणी पावात घालून दिली. अलिबागच्या स्टँडवर उभ्या उभ्या खाल्ली. विक्रम रिक्षा सुटतच होती, हात रुमालाला पुसले आणि चढलो. चौल येईपर्यंत विसरूनसुद्धा गेलो. घरी दारात सई आईच्या कडेवर. मला बघून झेपावली. मी घेतली, गालाचे मुके घेतले, तिने माझी बोटं तोंडात घातली.

चहा होईपर्यंत गाल लाल. मग अंगावर गांधी उठल्या, वरचा ओठ सुजला, मग उलटी. औषध घरात होतं ते आईनेच पाजलं. मी नुसता उभा. रिक्षा करून दवाखान्यात. डॉ.नी इंजेक्शन दिलं, बराच वेळ बसवून ठेवलं. ओठ उतरला. सई हसली. मला रडू आलं, सगळ्यांना वाटलं बाप आहे म्हणून.

स्नेहल परस्पर दवाखान्यात आली. पहिलं आईला विचारलं, "आज कशाला हात लावला होता?" आई खोटं बोलत नाही. म्हणाली, "सकाली शेजारी वालत घातलेला जवला पलटाया गेले व्हते. पन अंगोल करून पोरीला घेतली." स्नेहल म्हणाली, "म्हणजे तुम्हीच."

आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मी डॉ.च्या कागदाकडे बघत होतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सई बरी आहे. घर बरं नाही.

आई सईला घेत नाही. स्नेहल घेऊ देत नाही असं नाही, आईच दूर बसते. सई रांगत तिच्याकडे गेली तर पदर आवरून उठते. स्नेहलने आठवडाभर रजा टाकली. तिचे साहेब कुरकुरतात. चौलच्या पाळणाघरवाल्या बाईंनी ॲलर्जी ऐकून हात जोडले.

दोनदा सांगायला गेलो. दुसऱ्यांदा तोंड उघडलंसुद्धा, आणि विचारलं काय तर दूध आणू का. लाज वाटते. त्याहून जास्त लाज याची की आईवर आळ आला तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. अगदी क्षणभर. पण वाटलं.

डबा एकटा खातो. म्हात्रे विचारतो, काय झालं? पोट बिघडलंय म्हणतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार
ठरलं. आईने बोर्ली पंचतनला ताईकडे जायचं. सई मोठी होईपर्यंत. स्नेहलची आई येऊन राहणार.

स्नेहल वाईट नाही. रडत म्हणाली, "मला त्यांना घालवायचं नाहीये रे. पण मी कामावर बसते आणि माझा जीव इथे असतो. पुन्हा झालं तर?" पुन्हा झालं तर कुणामुळे होईल, हे मी एकटा जाणतो. आणि जो करणार तो इथेच राहणार आहे. आई जाऊन पोरीचा धोका तसूभर कमी होत नाही. हे कळतंय आणि तरी ताईला फोन मीच केला.

२३ नोव्हेंबर, रविवार
आईला पोचवून आलो. सकाळी निघताना तिने सईला लांबूनच टाटा केला.

आगरदांड्याला फेरीबोटीत उसनी आणलेली गाडी चढवली. आई कठड्याला धरून उभी. कुणीतरी टोपलीत सुकट, म्हणजे सुका जवळाच, घेऊन बसलं होतं, मी आईला म्हटलं, चल त्या बाजूला. तेव्हा म्हणाली,
"तू दारात आलास तवाच मना वास आला व्हता."
मी हात खिशात घातले.
"पोरीला मागं घेईन म्हनेस्तोवर तू मुका घेतलास."
"मग बोलली का नाहीस?"
"मी म्हातारी. माझ्यावर सून रागावली तं रागावली. तुझ्यावरचा इस्वास उडला तं ती कामाव कशी जाईल?"

मग म्हणाली, "खायाचं तं खा. पन पोरीला सांभाल. मी न्हाय आता तिथं वास घ्यायाला." रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. दिघीला उतरेपर्यंत मी पाण्याकडे बघत राहिलो, चाळिशीला आलेला माणूस.

ताईकडे जेवलो नाही. येताना गाडी बाजूला लावून थांबलो होतो.

आता संध्याकाळ. सई खेळून दमली, लवकर झोपली. स्नेहलने विचारलं, "आई काही म्हणाल्या का?" मी म्हटलं, हो. सांगतो.
हे लिहून मग सांगू म्हणून वही घेतली. ती समोर येऊन बसली आहे. म्हणते, "वही ठेव आणि बोल."