पान १४३

लातूर, ९ एप्रिल १९८६

चि. सौ. महादेवी हिस, अ. उ. आ.

नांदेडला गोदावरी आहे, नळाला पाणी आहे, अक्का तू निघून ये, हे तू पाचव्यांदा लिहिलंस. इथं आठ दिवसांनी एकदा नळ येतो, आणि जिल्हा होऊन चार वर्षं होत आली तरी कचेऱ्यांच्या पाट्या सोडून काही नवं झालेलं नाही. तरी मी येत नाही. मला काम मिळालं आहे. हसू नकोस.

आमच्या शाळेचे जुने चिटणीस अण्णाराव नव्या जिल्ह्याचा इतिहास छापत आहेत. पंधरा ऑगस्टला प्रकाशन. त्याच्या शेवटी, कोणतं नाव कोणत्या पानावर आहे ते सांगणारी नामसूची मी करते आहे. चौतीस वर्षं पोरांचं इंग्रजी सुधारलं, आता सूचीकार म्हणून चार कामं मिळाली तर हवीच आहेत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून कार्डं केली, एका कार्डावर एक नाव, आणि बुटांच्या खोक्यांत अकारविल्हे लावली. कॉन्व्हेंटात सिस्टरनी आडनाव आधी लिहायला शिकवलं होतं. या पुस्तकात बाप्यांना आडनावं आहेत, हुद्दे आहेत. बाया सगळ्या मिळून अकरा, त्याही नुसत्या नावाच्या.

शाळेत घंटा द्यायची ती धुरपताबाई तुला आठवत असेल. खोकं बघून म्हणाली, बाई, माज्या पंचफुलाचं नाव हाय का न्हाई तेवढं बघा. पंचफुला तिची लेक, बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर दरड कोसळून गेली. फोटो नाही, रेशनकार्डावरचं नावही खोडलेलं. मी कार्ड काढलं. आहे, पान १४३. पुस्तक आलं की विहारात सगळ्यांसमोर ते पान उघडायचं, असं तिनं ठरवलं आहे. मी तिला शब्द दिला आहे.

मुलांना आशीर्वाद. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, माझी काळजी करून वजन घटत असेल तर जरूर करा.

तुझी अक्का उमादेवी

•

नांदेड, १८ एप्रिल १९८६

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

हसले, पण थोडंच. हे विचारतात, अक्कांना रेल्वेनं पाण्याचे डबे पाठवू का.

कॉलेजच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढली म्हणून एक सांगते. सगळी पानं पक्की होईपर्यंत कार्डांवर आकडे पेन्सिलीनंच लिही, आणि शेवटी एकदा पडताळून बघ. छापखान्यात अखेरच्या घडीला काय घुसेल याचा नेम नसतो. तू तर वाणसामानाची यादीही शाईनं लिहितेस, म्हणून भीती वाटते. रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझी महादेवी

•

लातूर, ६ जुलै १९८६

चि. सौ. महादेवी हिस, अ. उ. आ.

उपदेश पोचला. प्रुफांवर पानांचे आकडे छापलेले आहेत, ते काय रात्रीतून उठून चालायला लागणार आहेत? शाईनंच लिहिले. अण्णाराव रोज माणूस धाडून घाई करत होते, म्हणून सूची गेल्या आठवड्यात दिली. सातशे बारा नावं. पुन्हा पडताळायला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. मुरुडच्या एका शाळेचं पुस्तक मला देववणार आहेत. तेव्हा यजमानांना सांग, डबे तिथंच राहू द्यावेत.

मृग कोरडा गेला. धुरपताबाई रोज विचारते, अजून किती दिस.

तुझी अक्का

•

लातूर, १९ ऑगस्ट १९८६

चि. महादेवी,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. अण्णारावांनी छपाई सुरू झाल्यावर मधे आठ पानं छायाचित्रांची घातली, १३७ पासून १४४. मला कळवलं नाही. त्यापुढचा माझा प्रत्येक आकडा आठ पानांनी चुकला आहे.

रविवारी धुरपताबाई नवं लुगडं नेसून विहारात गेली. सूचीत पंचफुला सापडली, सगळे पुढं सरकून बसले, आणि वाचणाऱ्या मुलीनं पान १४३ उघडलं. तिथं प्रदर्शनात पहिला आलेला देवणी बैल आहे. अख्खं पान, गळ्यात हार, खाली मालकाचं नाव. कुणी हसलं नाही म्हणे. हसले असते तर बरं होतं.

अण्णारावांशी भांडले. शुद्धिपत्र लावा म्हटलं, तर म्हणाले, बाई, सूची वाचतंय कोण. मुरुडचं काम मीच नको म्हणून आले. काल चिठ्ठीवर १५१ लिहून धुरपताबाईकडे गेले. तिनं चिठ्ठी घेतली नाही. म्हणाली, एकदा दावलं नव्हं समद्यांला. आता न्हाई उघडत.

पेन्सिलीचं तू लिहिलं होतंस. मला दाखवून द्यायचं होतं तुला, म्हणून ऐकलं नाही. तुमच्या ग्रंथालयात प्रत आली असेल तर एवढं कर. सूचीत पंचफुलापुढचा १४३ खोड आणि १५१ लिही. शाईनं.

उमा

•

नांदेड, २८ ऑगस्ट १९८६

ती. अक्कास, शि. सा. न. वि. वि.

प्रत आली होती. तू सांगितलंस तसा आकडा बदलला आणि खात्री करायला १५१ काढायला गेले. पान उघडेना. बांधणाऱ्यानं १४५ ते १५२ हा आठ पानांचा गठ्ठा कापलाच नव्हता, कडेनं सगळी जोडलेली. सुरी आणून कापला.

पंचफुला आहे, अक्का. खालून तिसऱ्या ओळीत, आणखी दोघींबरोबर. मी मोठ्यानं वाचलं. ग्रंथालयात तेव्हा कुणी नव्हतं.

ये म्हणत नाही. मीच येते शनिवारी.

तुझी महादेवी