ताटाला न लागलेला हात

नवापूरजवळ, फाल्गुन १९४४

प्रिय हन्ना,

हे पत्र चुलीत घालायचं असेल तर घाल, पण आधी वाच.

रंगावली नदीत दगड उलटवून आपण खेकडे धरायचो, ते दिवस हल्ली सारखे आठवतात. मला नांगी लागली की मी दगडांवरच चिडायचो आणि तू हसत माझं बोट पाण्यात बुडवायचीस. मिशनच्या शाळेतून येताना कैरी ठेचून मीठ-मिरची लावायची, तोंड पोळलं की दोघांनी जीभ काढून वाऱ्याला उभं राहायचं. सुरतेला कॉलेजच्या जेवणात मी तो जाळ शोधत बसायचो. तिथे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली आपल्याच गालाच्या आतल्या पेशी खरवडून पाहिल्या. फिकट, चपट्या, एकमेकींना खेटून बसलेल्या. मास्तर म्हणाले, या सतत झिजतात आणि सतत नव्या येतात. मी त्यांचं चित्र काढलं आणि कडेला तुझं नाव लिहिलं.

मग माझ्या बाच्या गालात गाठ निघाली, म्हणून कॉलेज सोडलं. मास्तरांशी भांडल्यामुळे काढलं असं तू ऐकलंस. भांडलो होतोच, पण कारण ते नव्हतं. मुंबईच्या इस्पितळात बाच्या गालात रेडियमच्या सुया घातल्या. गाठ विरली, पण त्याच सुयांनी नव्या येणाऱ्या पेशीही जाळल्या. आधी तोंड लालबुंद झालं, मग आतलं कातडं सायीसारखं निघायला लागलं. लाळ आटली, चव गेली. पाणी गिळतानाही बा खाटेची कड मुठीत आवळायचा.

तशाच तोंडाने तो माघात तुमच्याकडे सोयरीक मागायला आला. माझ्यासारखा उतावळा माणूस थांब म्हणाला, तरी ऐकेना. मांडव बघण्याआधी मरून जाईन अशी धास्ती. वर मला शपथ, की दुखण्याचं नाव काढायचं नाही, असल्या रोगाच्या घरात मुलगी कोण देईल? तुझ्या आईने नागलीची भाकरी आणि खेकड्यांचा लालभडक रस्सा वाढला, आणि बाने ताटाला हात लावला नाही. आपल्यात सोयरिकीला आलेला माणूस न जेवता उठला म्हणजे त्याने घरच नाकारलं. त्यात तुम्ही ख्रिस्ती झालेले, आम्ही नाही. तुझे बाबा बाला एवढंच म्हणाले, "रायसिंग, आमचं अन्न बाटलं का?" बाने ओठ घट्ट मिटून घेतले. बोलायला तोंड उघडलं असतं तर आतलं सगळं दिसलं असतं. मी उंबऱ्यात दात आवळून उभा, आणि तू माझ्याकडे न बघता ताट उचलून आत गेलीस.

काल बाने दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, चिमूटभर मीठ टाकून. आत नवी कातडी धरली आहे, गुलाबी, नाजूक. खारट लागतं म्हणाला, आणि वाटी खाली ठेवून म्हणाला, "हन्नाच्या मायला कळव, माझं तोंड जळालं होतं. मन विटलं नव्हतं." त्यानेच शपथेतून सोडवलं म्हणून लिहितो आहे. येत्या रविवारी तुमची प्रार्थना आटोपली की आमची गाडी दारात येईल. या खेपेला काही मागायचं नाही. बाला तुमच्या घरी जेवायचं आहे. पातळ भात कर, मिरची नको. तुझ्या बाबांनी आत बोलावलं नाही तर आम्ही गाडीतच बसून राहू. मी भांडणार नाही. निदान बासमोर तरी नाही.

तुझाच, अजून तुझाच,
नवलसिंग