अनयची उंची आणि हिंगाची डबी

मुलुंड (पूर्व),
शुक्रवार

प्रिय प्रेमा,

पत्र बघून दचकशील. पण समोर बसलो की आपण मुद्द्यावर यायच्या आधी तासभर मासळीच्या भावावर बोलतो, आणि फोनवर मी तोंड उघडलं की नेमका तुझा कुकर होतो. म्हणून लिहितेय. आणि आज मी तुला 'तू'च म्हणणार आहे. विक्रोळीच्या चाळीत एका नळावर भांडताना आपण एकमेकींच्या वेण्या ओढल्या. माझ्या रुचिराने तुझ्या यज्ञेशशी लग्न केलं आणि त्या दिवसापासून 'विहीणबाई, आधी तुम्ही', 'छे छे, तुम्ही व्हा पुढे' सुरू झालं. दहा वर्षं मला दारातून आत शिरायला पाच मिनिटं लागतायत.

जूनमध्ये आपल्या नातवाची, अनयची, दुपारची गोळी तुझ्या हातून काढून घेतली, तेव्हापासून तू इकडे फिरकली नाहीस. त्याला आता शाळेतून परस्पर पाळणाघरात नेतात. रुचिरा म्हणते, तिथल्या बाई गोळी दिली की वहीत सही करतात. मी 'बरं झालं' म्हणाले. नंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आठवतंय, हा पोरगा पाच वर्षांचा होता तेव्हा आपण दोघी किती मिरवायचो? वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. शाळेच्या बटाटा शर्यतीत तो पहिला आला तर दोन आयांनी बाईंकडे त्याचा जन्मदाखला मागितला. बागेत घसरगुंडीवर चढला की रखवालदार शिट्टी वाजवून खाली उतरवायचा. आवाज असा, की फोन उचलला तर माणसं त्याला गृहकर्जाबद्दल विचारायची, आणि तो गंभीरपणे 'नंतर करा' म्हणायचा. मी म्हणायचे, माझं नाचणीचं सत्त्व. तू म्हणायचीस, 'माझे बांगडे'. त्या श्रेयासाठी आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या लग्नातल्या मानपानासाठीही भांडलो नव्हतो.

मग त्याच्या कपाळावर मुरमं आली, दुधाचे दात पुरते पडायच्या आधी. रुचिरा घाबरून त्याला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, मागोमाग आपण सगळेच. त्यांनी पोराच्या हाताचा एक्स-रे काढला आणि सांगितलं, मुलगा पाच वर्षांचा आहे, हाडं आठ वर्षांची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, त्यांना जे बनवायला हवं ते पुरेसं बनत नाही आणि नको ते भलतंच जास्त बनतं. त्यामुळे पोर भराभर वाढतं, पण हाडं लवकर पिकतात आणि वाढ लवकर थांबते. आज वर्गात सगळ्यात उंच, उद्या सगळ्यात बुटका. गोळी दिवसातून तीनदा, जन्मभर, आणि ताप आला तर जास्त. आपलं आपण कमीजास्त करायचं नाही, नाहीतर जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली होती.

हे जन्मतःच येतं म्हटल्यावर आपण दोघींनी काय केलं ते आठवून मला अजून लाज वाटते आणि हसूही येतं. तासाभरापूर्वी ज्या उंचीसाठी आपण भांडत होतो ती आपण एकमेकींच्या पदरात टाकायला लागलो. तू म्हणालीस, आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. मी म्हणाले, आमच्या चौदा. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, अर्धा वाटा आईकडून लागतो आणि अर्धा वडिलांकडून, दोन्ही मिळाले तरच होतं, तेव्हा आजीबाई, बरोबरी झाली. यज्ञेश तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. तो रडतोय असं तुला वाटलं. तो हसत होता गं.

तेव्हा एक गोष्ट मी गिळली. आमच्या चौदा पिढ्यांत गुणाजीमामा होता. माझ्या आईचा धाकटा भाऊ. गावी तिसरीत असताना त्याला मिशी फुटली होती आणि तो तांदळाचं पोतं एकटा उचलायचा. दहाव्या वर्षी होता तेवढाच तो साठाव्या वर्षी होता. एकदा मुलगी बघायला गेला तर मुलीच्या बापाने विचारलं, नवरामुलगा मागून येतोय का? त्यानंतर तो कुठे मुलगी बघायला गेलाच नाही. आम्ही पोरं त्याच्यामागे त्याच्या चालीची नक्कल करत फिरायचो, सगळ्यात पुढे मी. त्याला नेमकं हेच होतं की काय, देव जाणे, त्या काळी कोण एक्स-रे काढतंय. पण अनयकडे बघितलं की मला मामा दिसायला लागला.

उपचार सुरू झाले आणि सगळ्या घराची उलटी गंगा झाली. इतर घरांत मूल वाढलं की पेढे, आपल्याकडे सहा महिन्यांत कमी वाढलं की पेढे. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत ना, त्या एकमेकींच्या जवळ यायला लागल्या तेव्हा डॉक्टरबाई खूश. मी मात्र चौकटीसमोर उभी राहून घाबरायचे. पोराची वाढ थांबली की काय, असं वाटायचं. अनय मला समजवायचा की आजी, मी हळू वाढतोय म्हणून खूप दिवस वाढणार आहे. सहा वर्षांच्या पोराला कळलं होतं.

मग जूनमधली तपासणी. रक्तातलं ते भलतं वाढलेलं, हाडं थेट दहा वर्षांची. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या कुठेतरी कमी पडतायत. सगळ्यांची नजर तुझ्याकडे गेली, कारण रोजची दुपार तुझी, आणि आदल्या वर्षी गणपतीत तू स्वतःची प्रेशरची गोळी विसरली होतीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. नळावर एका हंड्यासाठी चाळ डोक्यावर घेणारी तू, पदराचं टोक चुरगाळत एवढंच म्हणालीस, "माझ्याकडूनच राहिली असेल गं." मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

काल रुचिराचा फोन आला. तुझ्या फ्रिजवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या लागल्यात म्हणे. गॅस बंद केला का, दार लावलं का. 'अनयला माझ्याजवळ एकटं सोडू नका', असं तूच यज्ञेशला सांगितलंस. आणि सोमवारी तू स्मरणशक्तीच्या तपासणीला जाणार आहेस.

प्रेमा, पत्रासोबत हिंगाची डबी पाठवतेय. उघड. त्यात गोळ्यांचे अर्धे तुकडे आहेत. दिवाळीपासून दर शनिवार-रविवारी अनय माझ्याकडे असायचा तेव्हा त्याची दुपारची गोळी मी सुरीने अर्धी करायचे आणि उरलेला तुकडा डबीत टाकायचे. मे महिनाभर तो इथे होता तेव्हा तर रात्रीचीही. औषध कचऱ्यात टाकवेना म्हणून डबी भरत गेली. या गोळ्यांनी उंची खुंटते असं फोनवर कुणीतरी पाठवलेलं मी वाचलं होतं. प्रमाणाबाहेर दिल्या तर खुंटते, आणि कमी दिल्या तर पोराचा गुणाजीमामा होतो, हे मात्र मी कानाआड केलं. ज्या भीतीने अर्धी कापली तेच मी त्याच्या हाडांना करून ठेवलं. अनयने एकदा विचारलं, "आजी, अर्धीच का? माझा अर्धा आजार बरा झाला का?" मी हो म्हणाले. जूनमध्ये तुझ्या शेजारी बसून मी गप्प राहिले, कारण रुचिरा त्याला पुन्हा माझ्याकडे पाठवणार नाही याची मला भीती वाटली. रविवारी मी बोरिवलीला तुमच्याकडे येतेय, सगळ्यांसमोर सांगायला, आणि नंतर डॉक्टरबाईंनाही सांगणार आहे. रुचिराने त्याला माझ्याकडे पाठवणं बंद केलं तर तू मध्ये पडू नकोस. फक्त दुपारची गोळी परत तुझ्या हातात आली पाहिजे. सोमवारची ती तपासणी रद्द कर आणि फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढून टाक. तू एकही गोळी विसरली नाहीस गं. गॅसही तू बंद केलेला असतोस.

तुझीच, नळावरची,
नीला