डाव्या बाजूचा तबला

आबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि परवा बारामतीत हेडफोनच्या दुकानात तुमचं बिंग फुटलं. तुमच्यावर कधी इतकी चिडेन असं वाटलं नव्हतं. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहीत बसलेय.

मी आता घरबसल्या बी.ए. करतेय, या वयात. तास मोबाईलवर ऐकायचे. घरात मिक्सर, टीव्ही, दारात ट्रॅक्टर. हेच म्हणाले, चल, चांगला वायरलेस हेडफोन घेऊ. कानात खुपसायचा नको, कानावर बसणारा हवा, हे मी आधीच सांगितलं. लहानपणी माझा कान फुटला तेव्हा डॉक्टरांनी कानात काडीसुद्धा घालू नका म्हणून बजावलं होतं, तुमच्यासमोरच. दुकानातल्या मुलीनं दोन काढले. एक निळा, हलका, गादी अशी मऊ की काढूच नये. दुसरा काळा, जड, डोकं आवळणारा. निळ्यावर तिनं गाणं लावलं आणि विचारलं, तबला कसा वाजतोय? मला तबला ऐकूच येईना. नुसती पेटी आणि बाईचा आवाज. तिला वाटलं पीस खराब आहे. मी हसून म्हटलं, पीस चांगला आहे गं, माझा डावा कान बंद आहे. मग तिनं काळा दिला. त्याला म्हणे सोय आहे, दोन्हीकडचा आवाज एका बाजूला घेता येतो. तिनं मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि उजव्या कानात तबला आला, चांगला खणखणीत. मी खुशीत यांच्याकडं वळले. हे माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं बघत होते.

"कुठला कान बंद हाय?" त्यांनी विचारलं.

तेवीस वर्षांच्या संसारानंतर, आबा. मला आधी चेष्टा वाटली. मी म्हटलं, असं काय करता, लग्नाआधीच सांगितलंय की आबांनी. त्यांनी काळा हेडफोन घेतला, पैसे दिले, गाडी काढली.  निमगाव केतकीत घराशी गाडी लावल्यावर खाली बघत म्हणाले, "आई मरंस्तवर म्हणायची, सून मला किंमत देत न्हाय. अन् मी तिचंच खरं धरलं."

मला तो दिवस अजून लख्ख दिसतो. इंदापुरातलं आपलं घर, पुढच्या खोलीत तुमचं शिलाई मशीन, त्यावर चादर टाकून झाकलेलं, कारण मला बघायला पाहुणे येणार. तुम्ही माझी खुर्ची दोनदा हलवता. डावा कान भिंतीकडं, उजवा पाहुण्यांकडं. शाळेतही तुम्हीच गुरुजींना सांगून मला भिंतीकडेला बसवलं होतं, रस्त्यानं चालताना कायम माझ्या उजव्या हाताला राहायचात, म्हणून मला खुर्चीचं काही वाटलं नाही. माया वाटली. कापडात डाग निघाला की गिऱ्हाइकाला न सांगता तुम्ही तो शिवणीच्या आत घ्यायचात, आणि मी शेजारी बसून त्या हाताचं कौतुक करायची. आपल्यालाही तसंच बेतलंय, हे कळायला मला पंचेचाळिशी गाठावी लागली.

पाहुणे गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी पोह्यांची कढई घासत होते. तुम्ही म्हणालात, "त्यांना मी समदं सांगितलंय. मोठ्या मनाची माणसं हायती. पर तू आपनहून विषय काढू नगं, उगं त्यांनाच अवघडल्यागत व्हईल." मी मान डोलवली. तुमचा शब्द म्हणजे माझ्यासाठी दगडावरची रेघ. लग्नात तुम्ही मला स्वतः शिवलेली जांभळी पैठणीची चोळी दिलीत, आणि मी सासरी गेले ती तोंडाला कुलूप लावून.

पुढं काय झालं ते ऐका. सासूबाई डाव्या अंगानं हाक मारायच्या, मी वळायची नाही. मग आल्यागेल्यासमोर म्हणायच्या, आमच्या राणीसरकारांना तीनदा हाळी द्यावी लागती. मला वाटायचं, बघा, माझं व्यंग माहीत असून टोचतेय ही बाई. मी आतल्या आत धुमसायची. चार वर्षांमागं त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा हागणं-मुतणं सगळं काढलं मी, पण मायेनं नाही, कर्तव्य म्हणून. हेही काही बोलले आणि मी उत्तर दिलं नाही की मुकाट उठून जायचे. मी समजायची, समजूतदार आहेत, माझ्या कानाचा विषय काढत नाहीत. कसला समजूतदारपणा! दोघंही आपापल्या जागी दुखावलेले, आणि तुम्ही मजेत मशीन चालवत होतात. का केलंत असं? लग्न मोडलं असतं तर मोडलं असतं. तुमच्या दुकानात काजं-बटणं करून जगले असते मी, पण खोटी ठरले नसते.

हे परवापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांच्या मनात एकच घोळतंय, आबांनी आम्हाला सांगितलं नाही हे तुला खरंच ठाऊक नव्हतं का? मी शपथ घेतली, नव्हतं म्हणाले. सगळा दोष तुमच्या नावावर टाकला.

पण आबा, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी सासूबाई माझ्यासमोर मटकी निवडत बसल्या होत्या. घरात कुणी नव्हतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि हळूच विचारलं, "पोरी, कानाला काय हाय का तुज्या? असलं तर सांग. मी कुनाला बोलनार न्हाय."

मी म्हटलं, न्हाय.

त्या दुपारीच मला कळलं होतं की तुम्ही सांगितलेलं नाही. तरी त्यांना माहीत आहे असंच मी धरून चालले, कारण नाहीतर मला तोंड उघडावं लागलं असतं. हे यांना सांगायची माझी छाती नाही. हा कागद मी आज फाडणार आहे. तुम्हाला तेवढं सांगितलं, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही, आणि ते तुम्हाला फार चांगलं जमतं.