लॅपटॉप भंगारात देऊ नका

बाबा,

लॅपटॉप भंगारवाल्याला देऊ नका. म्हातारा झालाय, पण धडधाकट आहे. पासवर्ड टाकला की तो आधी माझ्या जुन्या ऑफिसचा सर्व्हर शोधत बसायचा, म्हणून उघडायला एवढा रडायचा. मी नोकरी सोडून आले, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी ती जोडणी तोडली, आपोआप सुरू होणारे ऑफिसचे प्रोग्रामही बंद केले. आता तुम्ही चष्मा पुसेपर्यंत उघडतो.

"परत जावं लागलं तर? राहू दे की जोडणी," असं तुम्ही म्हणाला असतात, म्हणून विचारलंच नाही. साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्या अंगावर फाईल भिरकावली, आणि नमतं मी घ्यायचं? लहानपणी तुम्ही शिकवलं नाहीत, ते आता कुठून शिकू?

याच लॅपटॉपवर एका गिऱ्हाइकाच्या घराचा नकाशा पुरा केलाय, ऑफिसच्या नाही, माझ्या स्वतःच्या नावानं काढलेला पहिला. तो छापून आणायला चाललेय. तुम्ही जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

आणि काल माझ्या वतीनं साहेबांची माफी मागितलीत ना, ती आज मी फोन करून परत घेतली.

ठकी