नळीच्या भिंतीलगत

प्रिय आई,

पाया पडते. तुझा फोन लागेना, म्हणून शेजारच्या काकांच्या मोबाईलवर हे पाठवतेय. ते वाचून दाखवतील. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

आज प्रयोगशाळेत, बाबांना लावलीय तसल्याच लघवीच्या नळीत जंतू पाहिले. मधल्या धारेत ते वाहून जातात. पण भिंतीला टेकले की तिच्या कडेकडेने, मुंग्या चढाव्यात तसे, धारेच्या उलट वर पोहतात. चिवट मेले!

बाबांना हुडहुडी भरते, हवा बदललीय, असं काल म्हणालीस. असेल. तुझा गुडघा कसा आहे?

तुझी,
धाकटी

ता. क. काका, हे मनातच वाचा. हवेचं काही नाही. आईला घाबरवू नका, पण आत्ताच गाडी काढा, बाबांना दवाखान्यात न्या.