प्रोसेसरसाठी तीन लिफाफे

खोपट, ठाणे
१२ मार्च

हेमाताईस धाकट्या आसावरीचा वाकून नमस्कार (वाकलं की कंबर धरते, म्हणून मनातल्या मनातच वाकले आहे. गोड मानून घे).

तुला आठवतं का गं, शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी अण्णा आपल्याला बूट घ्यायला न्यायचे? काळे, बकलचे, एकाच जातीचे. निवड काय ती एवढीच, की वाढत्या मापाचे घ्यायचे आणि पुढे कापूस कोंबायचा. पाच मिनिटांत खरेदी आटपायची, मग दोघींत मिळून एक लिंबू सोडा, आणि परत येताना माझाही खोका तूच धरायचीस. मला हल्ली त्या पाच मिनिटांची फार आठवण येते, कारण गेले सात आठवडे आमच्या घरात एका लॅपटॉपची खरेदी चालू होती.

आधी तुझा गुडघा कसा आहे ते कळव. तेल लावतेस, की बाटलीवरचं लेबल वाचूनच बरं वाटतं?

तर झालं असं. मी सहा नर्सेसना इंग्रजी बोलायला शिकवते हे तुला ठाऊकच आहे. त्यांना परदेशी नोकरीसाठी परीक्षा द्यायची आहे, ती पुढच्या महिन्यात. मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता त्या आपापल्या फोनवरून आणि मी सलिलच्या कॉलेजच्या दिवसांतल्या जुन्या लॅपटॉपवरून, असा आमचा वर्ग भरतो. भरतो म्हणजे सुरू होतो. वीस मिनिटांत लॅपटॉप तव्यासारखा तापतो आणि चित्र गोठतं. जानेवारीत मी ‘थर्मामीटर’मधला तो उच्चार शिकवत होते, मदर सुपीरियरनी आपल्याला शिकवलेला, जीभ दातांत धरून. नेमकी तेव्हाच मी गोठले. तब्बल चार मिनिटं सहा नर्सेस माझी जीभ बघत बसल्या. लॅपटॉप शुद्धीवर आला तेव्हा एकीचा निरोप आलेला दिसला, ‘मॅडम, जीभ पांढरी दिसते, पोट साफ होतं ना?’ हसले खरी, पण पुढचं ऐक. कल्याणच्या एका क्लासची माणसं त्यांच्या वॉर्डात पत्रकं वाटून गेली होती. आणखी दोन तास असे गेले असते तर पोरी गेल्या असत्या, आणि त्यांना दोष तरी कसा देणार?

सलिलला फोन लावला. तो कोलशेतला एकविसाव्या मजल्यावर राहतो आणि तिथूनच सल्ला देतो. म्हणाला, आई, प्रोसेसर बघून घे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन असे चढते असतात. पण तेवढ्यावर जाऊ नकोस, जनरेशन बघ, कारण नव्या जनरेशनचा आय-थ्री जुन्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. मग नंबराच्या शेवटचं अक्षर बघ. यू असेल तर काटकसरी, एच असेल तर ताकदवान पण तापट. (ताई, आपल्या चुलत्यांचं वर्णन करतोय असंच वाटलं.) दुसऱ्या कंपनीचे रायझन म्हणून असतात, त्यांत तर नंबर नवा आणि आतला जीव जुना असंही असतं म्हणे. एवढं सांगून शेवटी म्हणतो, पण घेतेच आहेस तर आय-सेव्हन घे, उद्या व्हिडिओ एडिट करावेसे वाटले तर? मी सहासष्ट वर्षांची आहे. हेही वाढत्या मापाचंच, फक्त कापूस कुठे कोंबायचा ते कळेना.

इथवर तरी मी एकटीच गोंधळलेली होते. मग आमचे हरिहरराव मध्ये पडले. चौतीस वर्षं सरकारी खात्याच्या खरेदी विभागात काढलेला माणूस, घरात कुकर आणायचा तरी तीन दुकानांची तीन कोटेशनं लागतात, आणि तीही बंद लिफाफ्यात. त्यांनी चाळीस हजारांची मर्यादा ठरवली, मागणीपत्र टाइप केलं, आणि ‘मागणीदार’ म्हणून माझी सही घेतली. त्यात लिहिलं होतं, ‘प्रोसेसर: आय-फाइव्ह. नग: एक.’ मी म्हटलं, अहो, जनरेशन लिहा. तर म्हणाले, ‘तसं लिहिलं की एका विक्रेत्याला झुकतं माप दिल्यासारखं होतं. ऑडिटमध्ये अडकू.’ कोणाच्या ऑडिटमध्ये, ते मी विचारलं नाही.

ठाण्यातल्या, डोंबिवलीतल्या आणि कल्याणातल्या एकेका दुकानात आम्ही गेलो. (डोंबिवलीला येऊन तुझ्याकडे आले नाही म्हणून रागावू नकोस, हरिहररावांच्या हातात लिफाफे सील करायची लाख होती आणि ती वितळत होती.) कल्याणच्या दुकानातल्या मुलाने मोबाइलच्या कव्हरच्या पुठ्ठ्यावर भाव लिहून दिला. शिक्का नाही म्हणून तो बाद, आणि शिक्क्यासाठी मला पुन्हा कल्याण. शेवटी समोरच्या रंगूबाईंना साक्षीदार बसवून लिफाफे उघडले. रंगूबाईंनी पोहे खाल्ले आणि तिन्ही भावांना महाग म्हणाल्या. सर्वांत कमी भाव डोंबिवलीचा, बाकीच्यांच्या निम्मा. हरिहररावांचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी माल बघायला गेलो. दुकानदाराने कपड्याने पुसून लॅपटॉप समोर ठेवला आणि मी स्टुलावर बसलेच. ताई, तो आमचाच लॅपटॉप होता. म्हणजे आमचा घरीच होता, पण तेच मॉडेल, तोच रंग, दहा वर्षांपूर्वीचा तोच प्रोसेसर. दुकानदार बिचारा खरं बोलला, ‘काकी, साहेबांनी आय-फाइव्ह लिहिलंय ना? मग हा आय-फाइव्हच आहे.’ हरिहरराव हळू आवाजात म्हणाले, ‘नियमाप्रमाणे याचाच नंबर लागतो.’ मी म्हटलं, मग नियमासाठीच घ्या आणि नियमालाच शिकवू दे इंग्रजी. घरी येऊन त्यांनी फाइलवर लिहिलं, ‘फेरनिविदा’.

मधल्या रविवारी माझ्या सहा जणींतली संचिता कळव्याहून आली, गावची आमसुलं घेऊन. तिने लॅपटॉप उचलला, टेबलावर पालथा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याखाली क्रोशाची गादी घालते, शाळेत शिवणाच्या तासाला शिकलेल्या टाक्याची, मऊ बसावा म्हणून. तिच्या लोकरीच्या तंतूंचा सगळा गुंता खालच्या जाळीत गच्च बसला होता. ‘मॅडम, ह्याचा प्रोसेसर ठणठणीत आहे हो. तुम्ही ह्याचा श्वास बंद केलाय.’ चिमट्याने आणि ब्रशने तिने अर्धा तास त्याची नाकं साफ केली. आता तो पोळपाटावर बसतो आणि मी पोळ्या ओट्यावर लाटते. त्यानंतर वर्गाचे चार तास झाले, एकदाही गोठले नाही. सहाच्या सहा जणी टिकल्या आहेत. फाइलवर शेरा पडला, ‘मागणी रद्द’. हे सगळं तुला सांगितल्यावाचून राहवेना, एवढंच.

तुझी
आसावरी

ता. क. एवढंच नाही. लॅपटॉप मी काल मागवला. नव्या जनरेशनचा आय-थ्री, शेवटी यू, वर्गाला पुरून उरेल असा. पैसे माझ्या शिकवणीचे, त्यामुळे लिफाफे लागले नाहीत. गुरुवारी तो तुझ्या दारात येईल. पत्ता चुकलेला नाही.

आणखी ता. क. संचिताच्या वॉर्डातल्या आणखी सात जणींना शिकायचं आहे आणि मला एकटीला झेपणार नाही. तुझे उच्चार माझ्याहून स्वच्छ आहेत. भावोजी गेल्यापासून दुपार सरत नाही म्हणतेस, तर ती दुपार मला दे. गुडघ्याचं कारण चालणार नाही, हे काम बसून करायचं आहे.

शेवटचा ता. क. खोका उघडलास की वाटणी अशी: लॅपटॉप तुला, त्याच्याखाली काही घालू नकोस. बरोबरची बॅग सलिलला, ऑर्डर त्याने टाकली. माउस संचिताला. रिकामा खोका थर्माकोलसकट हरिहररावांना, माळ्यावर ठेवतील आणि काही विचारणार नाहीत. बिल मला. आणि मंगळवारी चार वाजता त्या सात जणी, त्या तुला.